स्पितीला निघताय? घरच्याच गाडीला पाच हजारांत तयार करा

हिमाचलमधल्या स्पितीला जायचं ठरलं की घरातली चर्चा अर्ध्या तासात गाडीवर येऊन थांबते. "तिथे फोर बाय फोरच लागते म्हणे." "टायर मोठे टाकावे लागतील." मग कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ लावतं. छतावर तंबू, पुढे लोखंडी गार्ड, बॉनेटच्या बाजूने वर गेलेला काळा पाइप, रांगेत आठ दिवे. एवढ्या सगळ्यावर झालेला खर्च ऐकला की स्पिती आपोआप पुढच्या वर्षावर ढकलली जाते.

तुमच्या दारात बोलेरो, सुमो, स्कॉर्पिओ, डस्टर असं काही उभं असेल, तर एक गोष्ट आधी ऐका. रिकाँग पिओहून काझाला हिमाचल परिवहनची साधी बस जाते. दोन चाकांना ताकद देणारी, लांबलचक, गावकऱ्यांनी आणि बटाट्याच्या पोत्यांनी भरलेली बस. ती जिथे जाते तिथे तुमची गाडीही जाईल. इंजिन, ब्रेक, क्लच आणि टायर धड असले, तर गाडीला वेगळं सामर्थ्य द्यायची गरज नसते. सोय करावी लागते ती आत बसणाऱ्या माणसांची.

आमच्याकडे ते माणूस म्हणजे आई. वय अठ्ठावन्न, दोन्ही गुडघे झिजलेले, जिना चढताना कठडा धरून एकेक पायरी. शाळेच्या सहलीत पाहिलेली अजिंठ्याची लेणी तिच्या अजून डोळ्यांसमोर आहेत. ताबोच्या मठाला 'हिमालयातलं अजिंठा' म्हणतात, हे तिने कुठेतरी वाचलं आणि म्हणाली, "मला ताबोपर्यंत न्या. पुढचं तुमचं तुम्ही बघा." त्यामुळे गेल्या सप्टेंबरात आम्ही चौघं, म्हणजे आई, बाबा, दादा आणि मी, इंदूरहून निघालो तेव्हा आमच्या 2018 च्या बोलेरोतला प्रत्येक बदल एकाच प्रश्नावर तपासलेला होता. यामुळे आईचा रस्ता सोपा होतो का? होत नसेल तर पैसे खिशात.

आधी काय करायचं नाही

हा भाग कंटाळवाणा आहे, पण वाचाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या नोंदणीत उत्पादकाने दिलेला जो मूळ तपशील आहे, तो बदलेल अशी फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. कलम 182 अ नुसार अशा प्रत्येक फेरफारीमागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. नीट बघा, दंड गाडीमागे नाही, फेरफारीमागे आहे.

म्हणजे सीट कायमची काढून टाकणं नको, कारण नोंदणीत सात माणसांची गाडी लिहिलेली असते. सीट दुमडून ठेवायला हरकत नाही. पुढे लोखंडी गार्ड नको. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना पत्र पाठवून त्यावर कारवाई करायला सांगितलं आहे. कारणही पटण्यासारखं आहे. धडकेचा जोर गाडीच्या पुढच्या भागाने चेपून शोषायचा असतो. गार्ड लावला की तो जोर सरळ चॅसिसवर येतो, एअरबॅग उघडण्याची वेळ चुकू शकते, आणि समोर माणूस असेल तर त्याचं काय होतं ते सांगायला नको.

जादा दिव्यांबद्दल माझं मत जरा कडक आहे. डोंगरातल्या वळणावर समोरून असे दिवे आले की क्षणभर काहीच दिसत नाही, आणि दरी नेमकी त्याच क्षणाला बाजूला असते. शिवाय दिव्यांसाठी कुठली तरी वायर सोलून जोड दिला जातो, मध्ये फ्यूज नसतो, आणि आग लागायला तेवढं पुरतं. स्पितीत रात्री गाडी चालवूच नका. मग दिव्यांचा प्रश्नच मिटतो.

एक स्टूल आणि एक नाडी

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी बदल म्हणजे प्लास्टिकचं घडीचं स्टूल. उंची नऊ इंच. किंमत 220 रुपये.

बोलेरोसारख्या उंच गाडीत चढताना दुखऱ्या गुडघ्याला एकाच झटक्यात सगळं वजन उचलावं लागतं. मध्ये एक पायरी दिली की तो चढ दोन भागांत वाटला जातो. आम्ही स्टुलाच्या वरच्या बाजूला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवला, म्हणजे धुळीची चप्पलही घसरत नाही. स्टुलाला परकराची जाड नाडी बांधली. आई आत बसली की नाडी ओढून स्टूल स्वतःच वर घ्यायची आणि पायाशी ठेवायची. कोणाला हाक मारायला नको. तुमच्याही घरात गुडघ्याचं कोणी असेल, तर त्यांना विचारून बघा. दुखण्यापेक्षा 'दर वेळी कोणाला तरी उठवावं लागतं' याचाच त्रास जास्त होतो.

धरायला दारावरच्या हँडलमध्ये जाड नायलॉनचा पट्टा अडकवला, त्याला हाताएवढं कडं शिवून घेतलं. चपला शिवणाऱ्या काकांनी वीस रुपयांत काम केलं. पट्टा घेताना हाताला कापणार नाही असा रुंद घ्या, आणि बांधल्यावर आपलं सगळं वजन टाकून दोनदा ओढून बघा.

शिमल्याहून काझा किन्नौरमार्गे सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. नकाशात दोन दिवसांचं वाटतं. आम्ही पाच मुक्काम केले: नारकंडा, कल्पा, नाको, ताबो आणि मग काझा. उंची हळूहळू अंगवळणी पडावी म्हणून. मनालीकडून गेलात तर एकाच दिवसात एकदम वर चढता, आणि डोकेदुखी, मळमळ, झोप न येणं हे सगळं वाट्याला येण्याची शक्यता वाढते. वयस्कर माणूस बरोबर असेल तर किन्नौरची वाटच धरा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. वर गेल्यावर डोकेदुखी वाढत चालली, चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर तिथेच थांबून औषधाची वाट बघू नका, खाली उतरा. त्यावर खरा उपाय तोच आहे.

प्लायचा पलंग

व्हिडिओत दिसतात तसे ड्रॉवरवाले पलंग सुंदर असतात. त्यांचं वजन मात्र कोणी सांगत नाही. आमचा पलंग म्हणजे 12 मिलिमीटर प्लायच्या दोन फळ्या, मध्ये तीन बिजागऱ्या आणि खाली लाकडी पाय. घराजवळच्या सुतारकाकांकडे एका कपाटाच्या कामातून उरलेला प्लाय होता. कापणी, बिजागऱ्या आणि कडा घासून घेणं धरून 1,700 रुपये झाले.

बोलेरोच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंना समोरासमोरची छोटी सीटं असतात. ती दुमडून ठेवायची आणि तिथे पहिली फळी. दुसरी फळी दिवसा पहिलीवर घडी होऊन पडते. रात्री मधली सीट पुढे दुमडली की ती उलगडून तिच्यावर टेकते. माप घेताना एक युक्ती करा. आधी वर्तमानपत्रं चिकटवून पूर्ण आकाराचा कागद कापा आणि गाडीत पसरून त्याच्यावर झोपून बघा. चाकावरचे उंचवटे, दाराचा कडा, सीटबेल्टचं बक्कल, सगळं कागदावर दिसतं. प्लाय एकदा कापला की कापला.

गाडीच्या पत्र्याला एकही भोक पाडलं नाही. फळी बसवली ती घट्ट करता येणाऱ्या दोन पट्ट्यांनी, ट्रकवाले ताडपत्रीवर वापरतात तसल्या. त्या गाडीच्या मूळ हुकांना आणि सीटच्या पायांना बांधल्या. हे काम आळसाने करू नका. जोरात ब्रेक लागला की न बांधलेला प्लाय पुढच्या सीटवर बसलेल्यांच्या मानेवर येतो. त्याच कारणाने चालत्या गाडीत पलंगावर कोणीही बसायचं नाही, झोपायचं नाही. लहान मुलं हट्ट करतात, तरीही नाही.

गादी विकत आणली नाही. आजीच्या दोन गोधड्या होत्या, जुन्या लुगड्यांच्या, त्याच टाकल्या. खालच्या पोकळीत दोन क्रेट मावले. एकात स्वयंपाकाचं, दुसऱ्यात हत्यारं.

आता मुळातला प्रश्न. स्पितीत आणि किन्नौरमध्ये घरगुती मुक्काम मिळतात, मग पलंग कशाला? कारण तिथला रस्ता बंद पडतो. दरड येते, यंत्र येऊन ती हलवेपर्यंत गाड्यांची रांग लागते. कधी तासभर, कधी अर्धा दिवस. ऑगस्ट 2021 मध्ये किन्नौरच्या निगुलसरीजवळ दरड कोसळून एस.टी.सारखी भरलेली बस गाडली गेली आणि अनेक माणसं गेली, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. म्हणून रांगेत थांबताना आधी वर बघा. सुटा दगड दिसणाऱ्या कड्याखाली थांबू नका, मागे जागा असेल तर मागे व्हा. आणि थांबायचंच आहे तर सहा तास पाय लोंबकळत ठेवून बसलेल्या आईला पाय पसरायला जागा हवी. पलंग त्यासाठी.

धूळ आणि हवा

रिकाँग पिओ मागे पडलं की हिरवळ संपत जाते. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. दोन्हीकडे उघडेबोडके कडे, मध्ये लोखंडी पूल, आणि तिथून वर नाकोकडे वळणांवर वळणं. इथून पुढे खरी धूळ सुरू होते. पिठासारखी बारीक. ती पुढून येत नाही, मागच्या दारातून येते. गाडी पळताना मागे हवेची पोकळी तयार होते आणि धूळ फटींतून आत ओढली जाते.

इलाज हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. दारांना लावायची चिकट रबरी पट्टी, आमची 250 रुपयांची. मागच्या दाराचं जुनं रबर ओल्या फडक्याने पुसून, कोरडं करून, जिथे ते दबून सपाट झालं होतं तिथे ही पट्टी लावली. लावल्यावर दारात कागदाची पट्टी अडकवून ओढून बघा. सहज निघाली तर तिथे अजून फट आहे. आणि फार जाडही नको, नाहीतर दार लागत नाही. एअर फिल्टर एक जादा घ्या. बदलायला मेकॅनिक लागत नाही, घरीच एकदा काढून-घालून हात बसवून घ्या.

टायरबद्दल एक गंमत सांगते. उंचीवर गेल्यावर चिप्सचं पाकीट फुगतं, ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. टायरचंही तेच होतं. बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, म्हणून मीटरवर टायरचा दाब साधारण चार-पाच पीएसआय जास्त दिसू शकतो. पण वरची थंडी तोच आकडा खाली ओढते. कधी दोन्हींची फिट्टंफाट होते, कधी नाही. म्हणून अंदाज नको. सकाळी, गाडी हलवण्याआधी, थंड टायरचा दाब मोजा आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर आणा. बारा व्होल्टचा छोटा पंप आम्ही 1,500 रुपयांना घेतला. पलंगानंतर आमच्या यादीतली सगळ्यात महाग वस्तू तीच. ऐकीव माहितीवर हवा खूप कमी करू नका. वाळूत ते ठीक असतं. इथे टोकदार दगड आहेत, मऊ टायरची बाजू फाटते.

सुतारकाकांकडून प्लायचा एक फूट लांबरुंद तुकडाही आणला होता, दोन थर एकमेकांवर चिकटवलेला. खडीत जॅक लावला की तो आत रुततो आणि गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली जातो. खाली फळी असली की वजन पसरतं. शेजारी दोन लाकडी ठोकळे, चाकांना लावायला. पंक्चरच्या वेळी उतारावर हँडब्रेकच्या भरवशावर राहू नका.

ताबो

नाकोनंतर मालिंग नाला लागतो. वरून दगड सुटण्यासाठी ही जागा जुनी प्रसिद्ध आहे. गप्पा बंद, काच खाली, कान उघडे, आणि मध्ये फोटोला थांबणं नाही. तो ओलांडला, सुमदो मागे टाकलं, की दरी रुंद होते. सफरचंदाच्या बागा दिसतात आणि ताबो येतं.

लांबून बघितलं तर हा मठ वाटतच नाही. मातीच्या ढिगाऱ्यांसारख्या ठेंगण्या, गोलाकार भिंती. बाकीचे मठ डोंगराच्या टोकावर बांधलेले, हा मात्र सपाट जमिनीवर. आईने गाडीतूनच विचारलं, "पायऱ्या किती?" पायऱ्या नव्हत्याच म्हणा ना. दादाने स्टूल ठेवलं, ती उतरली आणि कोणाचाही हात न धरता चालत गेली.

ताबोची स्थापना इसवी सन 996 ची. गुगेचा राजा येशे-ओ आणि भाषांतरकार रिंचेन झांगपो यांची नावं तिच्याशी जोडलेली आहेत. जानेवारी 1975 च्या किन्नौर भूकंपात मठाचं नुकसान झालं, तरी जुनं मंदिर उभं राहिलं. आत अंधार असतो, आणि तो मुद्दाम जपलेला आहे. फोटो काढायला परवानगी नाही. आधी काहीच दिसत नाही. मग डोळे सरावले की भिंतींतून मातीच्या मूर्ती बाहेर येऊ लागतात, खऱ्या अर्थाने बाहेर, कारण त्या भिंतीला टेकून नव्हे तर भिंतीतून पुढे झेपावल्यासारख्या बसवल्या आहेत. त्यांच्या खाली रंगवलेली चित्रं. मातीच्या रंगांवर निळा रंग इतका ताजा, की हजार वर्षं हा शब्द तोंडातून निघत नाही.

अजिंठ्याशी तुलना किती खरी? माझ्या मते निम्मी. अजिंठा डोंगराच्या पोटात दगड कोरून केलेलं आहे, ताबो सगळं मातीचं. तिथे पावसाने हिरवी झालेली वाघूर नदीची दरी, इथे पाऊस जवळजवळ पडतच नाही म्हणूनच मातीच्या भिंती टिकल्या. पण अंधारात उभं राहून चित्राची वाट बघावी लागते, ते अगदी तसंच. आई भिंतीजवळच्या बाकावर बसून राहिली. आम्ही बाहेर येऊन चहा प्यायलो, परत आत गेलो, ती तिथेच होती. "अजून कोपऱ्यातलं दिसायला लागलंय," म्हणाली.

रात्र, काच आणि कुकर

काझा 3,700 मीटरच्या आसपास आहे. तिथे एक खोली घेतली, त्यात आई आणि मी. बाबा आणि दादा अंगणात लावलेल्या गाडीत. मुक्कामाच्या घरच्या काकूंना आधी विचारून, अर्थातच.

थंडीसाठी काचांना आतून चंदेरी फुगेवाला शीट लावला, पाइप गुंडाळायला वापरतात तो, 350 रुपयांचा. प्रत्येक काचेचं वर्तमानपत्रावर माप घेऊन अर्धा सेंटिमीटर मोठा कापायचा, म्हणजे कडेच्या रबरात दाबून बसतो, चिकटवावा लागत नाही. सकाळी काढून गुंडाळी करायची. चालत्या गाडीत काचेवर काहीही नको. काळी फिल्मही नको. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आत यायला हवा, असा नियम आहे.

दोन काचा बोटभर उघड्या ठेवायच्या. बाबांना हे पटत नव्हतं. "मग शीट कशाला लावला?" पण दोन माणसांच्या श्वासातली वाफ बंद गाडीत काचांवर पाणी होऊन टपकते, गोधड्या दमट होतात आणि दमट गोधडीत जास्त थंडी वाजते. मुख्य कारण मात्र हवा. आणि हे तुम्ही घरातल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा: गाडीत शेगडी, स्टोव्ह, कोळसा काहीही पेटवायचं नाही, इंजिन चालू ठेवून हीटरवर झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेल्या माणसाला काही कळत नाही आणि तो उठत नाही. थंडी वाजत असेल तर गरम पाण्याची रबरी पिशवी पायाशी घ्या.

स्वयंपाक गाडीच्या बाहेर, मागच्या दाराच्या आडोशाला. या उंचीवर पाणी 87-88 अंशांनाच उकळतं. पातेल्यात ठेवलेली डाळ तासभर रटरटून खडेच्या खडे राहते. तीन लिटरचा छोटा कुकर घ्याच. मेतकूट-भात, मुगाची खिचडी, वर शेंगदाण्याची चटणी. थालीपिठाची भाजणीही नेली होती, पण वाऱ्यात तवा तापतच नाही. ताडपत्री कॅरिअरला बांधून पुढे दोन काठ्यांवर ताणायची आमची कल्पना फक्त सकाळपुरती कामाला आली. स्पितीत दुपारी वारा असा सुटतो की ताडपत्री पतंग होते. पाण्यासाठी तोटी असलेला वीस लिटरचा कॅन 300 रुपयांना घेतला, तो मात्र रोज सकाळ-संध्याकाळ उपयोगी पडला.

छतावरच्या कॅरिअरबद्दल एवढंच, की छतावर किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तिकेत बघा आणि वर फक्त हलकं सामान ठेवा, पांघरुणं, ताडपत्री वगैरे. पाणी, हत्यारं, धान्य खालीच. वजन वर गेलं की वळणावर गाडी कलते आणि डिझेलही जास्त पिते.

लाल पट्टी

'पुढचं तुमचं तुम्ही बघा' म्हणणारी आई काझ्यात म्हणाली की आलोच आहोत तर कुंझूमवरूनच उतरू. कुंझूम खिंड साडेचार हजार मीटरच्या वर. पलीकडे बातल ते ग्रांफू हा पट्टा रस्ता कमी आणि नदीचं पात्र जास्त. सरळ हो म्हणण्यासारखी गोष्ट नव्हती. दादा आणि मी काझ्याच्या बसस्टँडवर गेलो, मनालीकडून त्याच दिवशी आलेल्या तीन-चार ड्रायव्हरांना विचारलं. नाल्यांना पाणी किती, ट्रक अडकलाय का, पाऊस झाला का. सगळ्यांनी एकच सांगितलं: पहाटे निघा. हे नाले वितळत्या बर्फाचे आहेत. रात्री गारठ्यात पाणी उतरतं, दुपारी उन्हाने चढतं. सकाळी घोट्याएवढा असलेला नाला दुपारी गुडघ्याला लागतो. टाकी काझ्यातल्या पंपावर पूर्ण भरली, कारण त्या वाटेवर पुढे मनालीच्या बाजूला उतरेपर्यंत पंप नाही. कॅनमध्ये डिझेल भरून माणसांबरोबर आत ठेवायची गरज पडत नाही, आणि ठेवूही नये.

बॉनेटच्या बाजूने वर जाणारा तो काळा पाइप आठवतो? तो इंजिनला उंचावरून हवा मिळावी म्हणून असतो. आम्ही त्याऐवजी साठ रुपयांची लाल चिकटपट्टी घेतली. बोलेरोच्या चाकाची उंची साधारण सत्तर सेंटिमीटर. म्हणजे निम्मं चाक पस्तीस. गाडीच्या बाजूला जमिनीपासून पस्तीस सेंटिमीटरवर पट्टीची खूण केली, आणि काठीवर तेवढ्याच उंचीवर दुसरी. नाला आला की दादा काठी घेऊन उतरणार, कडेने पाणी मोजणार. पट्टी बुडाली की थांबायचं, दुसऱ्या गाड्यांची वाट बघायची किंवा मागे फिरायचं. यावर वाद घालायचा नाही, हे घरी बसूनच ठरवलं होतं, कारण पाण्याकाठी उभं राहिलं की प्रत्येकाला धाडस सुचतं. पाण्यात उतरताना पहिला गिअर, एकसारखा वेग, मध्ये गिअर बदलणं नाही, क्लच दाबणं नाही. पाणी गढूळ असून तळ दिसत नसेल आणि प्रवाह जोराचा असेल, तर निम्म्या चाकाचा हिशोबही सोडून द्या.

लोसर उजाडताना मागे पडलं. कुंझूमवर रंगीत पताका फडफडत होत्या. गाड्या तिथल्या देवीच्या मंदिराला वळसा घालून पुढे जातात, आम्हीही घातला. बातलला चहा. त्यापुढे छतरूच्या अलीकडे, एका नाल्यात, टेम्पो ट्रॅव्हलर तिरका होऊन थांबलेला. मागचं चाक दगडांच्या खोबणीत, टायर फाटलेला. त्यांचा जॅक वाळूत जात होता. दादाने आमची फळी काढून दिली. मग ठोकळे दिले. मग पंपही दिला. तीन तास गेले. आमच्यामागे चौदा गाड्या झाल्या.

आईने मागचं दार उघडून, मधली सीट दुमडून, स्वतःच फळी उलगडली आणि गोधडीवर आडवी झाली, पाय लांब करून. अर्ध्या तासाने ट्रॅव्हलरमधल्या एक गुजराती आजी येऊन विचारू लागल्या, इथे जरा टेकू का? स्टूल ठेवलं, त्या चढल्या. दोघी मिळून कुठल्या गुडघ्याला कुठलं तेल यावर जे बोलत बसल्या, त्यात आम्हाला जागा नव्हती.

टायर बसला तेव्हा साडेअकरा झाले होते. दादाने पुन्हा काठी घातली. सकाळी आलो तेव्हापेक्षा पाणी चार बोटं चढलेलं, लाल पट्टीच्या अजून बरंच खाली. बाबांनी पहिल्या गिअरमध्ये गाडी घातली, आई पुढच्या सीटवर, हातात नायलॉनचं कडं. पलीकडे चढलो. ग्रांफूवरून खाली कोकसर आणि शेवटी नऊ किलोमीटरचा अटल बोगदा. सकाळपासून दगड मोजत आलेल्या गाडीला तो गुळगुळीत रस्ता मिळाला तेव्हा आत इतकी शांतता झाली, की मागच्या क्रेटमधली कुकरची शिटी खुळखुळतेय, हे पहिल्यांदाच ऐकू आलं.

घरी परतल्यावर गाडी खालून पाण्याच्या जोराने धुवून घ्या, एअर फिल्टर बदला, ब्रेक तपासून घ्या आणि फळ्या काढून ठेवा. रोजच्या शहरातल्या फेऱ्यांना ते वजन कशाला? हिशोब सांगायचा तर पंपासकट सगळं मिळून 4,900 रुपये झाले. फळ्या आता गच्चीच्या खोलीत भिंतीला टेकवल्या आहेत. स्टूल मात्र गाडीतच आहे. आई आता भाजीलाही बोलेरोनेच जाते.